एका घरात दोन शेगड्या

ज्यांच्या घरात आम्ही जवळपास दीड वर्ष राहिलो त्या दोघांबद्दल मी चांगलं बोलावं, असं मला आजवर पुष्कळांनी सुचवलं आहे. माझ्या नवऱ्याने तर कितीदा तरी. "ओळख ना पाळख अशा गावात त्यांनी आसरा दिला," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आसरा दिला हे खरं. दर एक तारखेला त्या आसऱ्याचं पाकीट नवरा वर नेऊन द्यायचा, तेही रोख, हेसुद्धा खरं. पाकीट दिल्यावर त्याला वर चहा मिळायचा आणि खाली येऊन तो मला सांगायचा की काका किती साधे आहेत.

मला ते साधे वाटले नाहीत. काकूही नाही. वर्षं गेली की राग निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही, आणि तो निवळावा म्हणून मी हे लिहीतही नाही.

आम्ही आधी टेक्ससमध्ये, प्लेनोला होतो. तिथलं प्रोजेक्ट संपलं आणि २००३ च्या सुरुवातीला नवऱ्याला न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या बाजूला काम मिळालं. मुलगी साडेतीन वर्षांची. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या पदराला बांधून आणलेली. नोकरी करायची परवानगी नाही, बँकेत खातंसुद्धा त्याच्या जोडीनं. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटताना नवऱ्याला एक गृहस्थ भेटले. तीस वर्षांपूर्वी इकडे आलेले इंजिनीअर, डोक्यावर लोकरीची टोपी, आवाज मोठा. पुण्यातली कुठली शाळा, कुठली तुकडी असं करत करत दोघं एकाच शाळेतले निघाले. झालं. "अरे, म्हणजे तू आपल्याच शाळेतला! मग मोटेलमध्ये कशाला राहतोस यार? आमचं बेसमेंट फिनिश केलेलं आहे, रिकामं पडलंय. मुलं शिकून बाहेर गेली. या राहायला."

मी विचारलं, "लीज किती महिन्यांचं करायचं, काका?" प्लेनोला आम्ही ज्या इमारतीत राहायचो तिथे लीज म्हणजे भाडेकराराचं जाडजूड बाड होतं. त्यावर सही करायची मला सवय झाली होती.

दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिळगुळात मीठ घातलंय. "अगं, आपल्या माणसांत कसले कागद?" काका म्हणाले. नवरा ओशाळून हसला. हे वाक्य मी पुढे आयुष्यात अनेक तोंडांतून ऐकलं, आणि माझ्या अनुभवात ते नेहमी ज्याच्या खिशात किल्ली असते तोच म्हणतो.

बेसमेंट म्हणजे तळघर, हे सांगायला नको. खाली एक मोठी खोली, तिला लागून एक लहान, न्हाणीघर, आणि दाराआड बॉयलर व काकूंचं वॉशर-ड्रायर. भिंतीत अगदी छताला टेकून दोन आडव्या खिडक्या होत्या, त्यातून उन्हाळ्यात गवताची मुळं दिसायची आणि हिवाळ्यात नुसता बर्फ. बाहेर पडायला एकच जिना. तो वर काकूंच्या स्वयंपाकघराशेजारी उघडायचा. म्हणजे कचरा टाकायला जायचं तरी काकूंच्या नजरेसमोरून.

सामान ठेवलं त्या दिवशी काकू खाली आल्या. गोऱ्यापान, नीटनेटक्या, हातात लाडवांचा डबा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही खाता का?"

मराठीत हा प्रश्न विचारताना काय खाता ते सांगावं लागत नाही. माझं माहेर अलिबागकडचं. नवरा पुण्यात वाढलेला असला तरी मूळचा आमच्याच बाजूचा. "खातो," मी म्हणाले. "मासे आठवड्यातून दोनदा तरी. अंडी रोज."

काकूंचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून उतरलं. "नाही, तुमचं तुम्ही खा," त्या म्हणाल्या. "पण वर देव आहेत ना. वास वर येतो गं."

त्यांचं स्वयंपाकघर आम्ही वापरायचं असं आधी ठरलं होतं. ते त्या लाडवांबरोबरच संपलं. त्याच शनिवारी काका घर बदलणाऱ्या कुणाच्या तरी मूव्हिंग सेलमधून एक जुनी इलेक्ट्रिक शेगडी घेऊन आले आणि नवऱ्याच्या मदतीने ती ड्रायरच्या प्लगवर लावली. शेगडी चालू असली की ड्रायर बंद ठेवायचा आणि ड्रायर चालू असला की मी उपाशी. काकू कपडे नेमके बाराच्या सुमाराला टाकायच्या. मी मासे तळायला घेतले की जिन्याच्या वरचं दार बंद व्हायचं आणि दाराखालच्या फटीत वरून एक टॉवेल कोंबला जायचा. तो कोंबण्याचा आवाज मला खाली ऐकू यायचा. मी मग मुद्दाम लसूण जास्त घालायची.

मुलीचं आणि काकूंचं मात्र बरं जमलं, हे मान्य करायला हवं. "मला आजी म्हण," असं काकूंनीच तिला सांगितलं. संध्याकाळी ती वर कार्टून बघायला जायची, काकू तिची वेणी घालायच्या, द्राक्षं सोलून द्यायच्या. माझी आई इतक्या लांब की फोनवरच्या आवाजापलीकडे मुलीला तिची आठवण नव्हती. तेव्हा आजी म्हणजे वर राहते ती, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. दसऱ्याला त्यांनी आम्हाला वर जेवायला बोलावलं. सगळ्या पाहुण्यांना स्टीलची ताटं होती, आम्हा तिघांना कागदी प्लेटा. "तुम्हाला घासायला नकोत म्हणून हो," काकू म्हणाल्या. बाकीच्या पाहुण्यांची ताटं कोण घासणार होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मुलीच्या प्लेटवर फुलं छापलेली होती, तिला आनंद झाला. नवऱ्याने श्रीखंड दोनदा घेतलं. मी त्या दिवशी जेवले नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. कुणालाही ते खोटं वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगी पाच वर्षांची झाली. सप्टेंबरात तिला सरकारी शाळेत किंडरगार्टनला घालायचं होतं. तळघरात माझ्याशिवाय तिला दुसरं माणूस नव्हतं, आणि माझं इंग्रजी तिला पुरणारं नव्हतं. अंगणाच्या कडेला उभी राहून ती पिवळ्या बसमध्ये चढणारी पोरं बघायची आणि घरी येऊन उशांची बस करायची. बसमध्ये ती एकटीच बसायची, ड्रायव्हरही तीच.  तिला शाळेत बसवणं, एवढंच एक मला त्या वर्षी या देशाकडून हवं होतं.

शाळेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई गोड बोलल्या. जन्माचा दाखला झाला, लसींचा कागद झाला, मग म्हणाल्या, या गावात राहता याचा पुरावा द्या. लीज चालेल. लीज नसेल तर घरमालकाने नोटरीसमोर लिहून दिलेलं पत्र चालेल, की हे कुटुंब माझ्या घरात राहतं. बाकी काही नको.

मी घरी येऊन काकांना सांगितलं. "हो हो, देतो की," ते म्हणाले. मग त्यांना वेळ नव्हता. मग त्यांचा नोटरी सुट्टीवर होता. मग म्हणाले, पत्र कशाला, मी शाळेत फोन करतो, आपली ओळख आहे. जुलै गेला. मी रोज विचारायची आणि रोज ते टोपी काढून डोकं खाजवायचे. शेवटी मला कळलं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

गावातल्या लायब्ररीत कॉम्प्युटर फुकट वापरता यायचे. मुलीला चित्रांच्या पुस्तकांपाशी बसवून मी गावाचे भाड्याच्या घरांविषयीचे नियम शोधले आणि डिक्शनरी उघडून वाचले. अवघड काही नव्हतं. घर किंवा घराचा भाग भाड्याने द्यायचा तर मालकाने गावाकडे नोंदणी करायची, लायसन्स घ्यायचं, आणि ते मिळण्याआधी इन्स्पेक्टर येऊन जागा पाहणार. झोपायच्या खोलीला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी हवी. धुराचे अलार्म हवेत. तळघर असेल तर बाहेर पडायला दुसरा रस्ता हवा. फक्त मालकाचं स्वतःचं कुटुंब राहत असेल तर यातलं काही नको.

ते वाचून मला आधी भीती वाटली आणि मग संताप आला. दीड वर्ष माझी मुलगी बॉयलरच्या भिंतीला लागून झोपत होती, आणि तिच्या डोक्यावरच्या खिडकीतून मांजरसुद्धा अंग चोरून गेलं असतं. ड्रायरच्या प्लगवर शेगडी चालत होती. काका इंजिनीअर होते. त्यांना हे कळत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

"लायसन्स?" मी विचारल्यावर काका म्हणाले. "अगं, ते कमर्शियल लोकांसाठी असतं. एकेका घरात दहा-दहा जणं कोंबतात त्यांच्यासाठी. आपण काय मालक-भाडेकरू आहोत का? तू उगाच टेन्शन घेतेस."

"मग दर महिन्याला पाकीट कसलं देतो आम्ही?"

"तो घरखर्च आहे," काका म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

खाली आल्यावर नवरा माझ्यावर उखडला. त्याचं प्रोजेक्ट काकांच्या मित्राच्या कंपनीत होतं, ग्रीन कार्डची प्रोसेस नुकती सुरू झाली होती. "जाऊ दे ना. काकांना वाईट वाटेल. शाळेचं होईल काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?"

 त्याने टीव्ही लावला.

ऑगस्टच्या मध्यावर काकांच्या शेजाऱ्याने तक्रार केली. ड्राइव्हवेत तीन-तीन गाड्या, कचऱ्याचे डबे भरून वाहणारे, या घरात किती कुटुंबं राहतात ते बघा म्हणून. तक्रार त्याने केली, मी नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण मंडळात आजही उलटं सांगितलं जातं. गावाच्या ऑफिसातून काकांना फोन आला की इन्स्पेक्टर गुरुवारी येणार आहे.

बुधवारी आम्हाला वर बोलावणं आलं. पहिल्यांदाच मला सोफ्यावर बसवलं, काचेच्या कपात चहा दिला. काका शांतपणे समजावू लागले. तू माझ्या भाच्याची बायको. भाचा इकडे कामाला आला, मामाकडे राहतोय. आपल्याकडे असतंच तसं. त्यात खोटं असं काही नाही, आपलं नातं त्याहून कमी आहे का?

मी कप खाली ठेवला. "चालेल," मी म्हणाले. "मग तेच मला नोटरीसमोर लिहून द्या. भाच्याचं कुटुंब माझ्या घरी राहतं म्हणून. शाळेला ते चालतं. आज लिहून द्या, उद्या मी सांगेन."

काकांनी टोपी काढली. "शपथेवर खोटं कसं लिहू गं?" ते म्हणाले. खरंच दुखावल्यासारखे म्हणाले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चहात बिस्किट बुडवत होता. खोटं माझ्या तोंडून निघालं तर ती माणुसकी आणि त्यांच्या सहीने निघालं तर ते पाप. मला काकांची किळस आली. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे.

गुरुवारी आलेली इन्स्पेक्टर पन्नाशीची, जाडजूड, कंटाळलेली बाई होती. हातात टॉर्च आणि टेप. काका तिच्या मागे-पुढे करत होते. ती खाली आली, खिडक्यांकडे पाहिलं, मग शेगडीकडे पाहिलं, मग शेगडीच्या वायरच्या मागे मागे ड्रायरपर्यंत गेली.

"इथे कोण राहतं?" तिने विचारलं.

"माझा भाचा आणि त्याची फॅमिली," काका लगेच म्हणाले. "वी आर वन फॅमिली."

"फॅमिली असेल तर माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "एक कुटुंब म्हणजे एक घर चालवणारे लोक. एक स्वयंपाकघर. तुम्ही एकत्र जेवता?"

"रोज," काका म्हणाले.

मग तिने सहज मान वळवून जिन्यावर उभ्या असलेल्या काकूंना विचारलं, "मॅम? तुम्ही सगळे एकत्र जेवता?"

काकूंना हो म्हणता आलं नाही. एवढं साधं 'येस'. काकांनी सगळं पढवलेलं होतं, घरावर दंड बसायची वेळ होती, आणि समोर उभी असलेली बाई अमेरिकन, तिला काकूंच्या सोवळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तरी आमच्याबरोबर, बांगडे खाणाऱ्यांबरोबर, आपण रोज एका पंगतीला बसतो हे काकूंच्या तोंडून निघेना. त्यांनी पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि म्हणाल्या, "समटाइम्स."

तेही खोटंच होतं. कागदी प्लेटवर, एकदा.

"मग ही शेगडी कशाला?" इन्स्पेक्टरने विचारलं.

सणासुदीला जास्तीचा स्वयंपाक असतो, असं काहीतरी काका म्हणाले. बाईने ते ऐकल्यासारखं केलं. माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी खरं सांगू शकले असते. पण खरं सांगितलं तर जागा त्याच दिवशी बंद, आणि शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आम्ही बिनपत्त्याचे.  तिने काकांना सांगितलं, ही शेगडी काढा, प्लगची दुरुस्ती करा, मी दोन आठवड्यांनी परत येईन. तुम्ही एक कुटुंब असाल तर वरचं स्वयंपाकघर सगळ्यांना पुरेल. नसाल तर हे भाड्याचं घर आहे, आणि लायसन्स आणि दुसरा रस्ता होईपर्यंत इथे कुणी झोपायचं नाही.

वेगळी चूल म्हणजे वेगळं घर, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या बाईला ते कायद्यात लिहून दिलेलं होतं, इतकाच फरक. काकूंनी मासे वर येऊ नयेत म्हणून खाली चूल मांडून दिली, आणि त्या चुलीनेच त्यांचं खोटं उघडं पाडलं.

दुसऱ्या दिवशी शेगडी गेली. आम्ही मायक्रोवेव्हवर आलो. शनिवारी काका खाली येऊन म्हणाले, तुझे मसाल्याचे डबे, पिठाचे डबे वर आणून ठेव, आमच्या फळीवर एक बाजू रिकामी केली आहे. मला क्षणभर बरं वाटलं. मी डबे नेऊन मांडले आणि कांदा चिरायला घेतला, तर काकू म्हणाल्या, "अगं, वापरायचं नाही हं. ती बाई परत येईल तेव्हा दिसायला ठेवलंय."

"दिसायला?"

"हो. तोवर मी करते ना वरण-भात, तुम्हाला खाली पाठवत जाईन."

मी डबे तिथेच ठेवले आणि खाली आले.  सोमवारी नवरा कामावर गेल्यावर, मुलीला कार्टून लावून देऊन, मी जवळच्या कोरियन दुकानापर्यंत चालत गेले आणि बांगडे आणले. साफ करून न घेताच आणले. सकाळी अकराला मी वर गेले. काकू देवघरात होत्या. त्यांच्या सिंकमध्ये मी बांगडे साफ केले, त्यांच्या ओट्यावर ताट ठेवून हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावलं. माझा तवा वरच्या शेगडीवर चढवला.

काकू जपाची माळ हातात घेऊनच धावत आल्या. "हे काय चालवलंयस?"

"स्वयंपाक," मी म्हणाले. "आपण एक कुटुंब ना? ती बाई परत आली की सांगायचंय ना, आपण एकत्र जेवतो म्हणून. आज जेवू या."

"उचल ते माझ्या ओट्यावरून."

"कुठे नेऊ? खाली शेगडी नाही."

काकूंचा आवाज फाटला. "दीड वर्ष घरच्यासारखं वागवलं तुम्हाला!"

"घरच्यासारखं," मी म्हणाले. "तेच तर म्हणते मी. घरचे असू तर तवा तापलाय, बसा. नसू तर तसं लिहून द्या, मला शाळेत द्यायचंय."

काका आवाज ऐकून गॅरेजमधून आले. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि मीटिंगमध्ये बोलावं तसा आवाज काढला. "हे बघ, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. बाई येऊन गेली की शेगडी परत लावू. तू जरा समजून घे."

"आणि माझ्या मुलीची शाळा?"

"पुढच्या वर्षी घाल की. लहान आहे अजून. एक वर्षाने काय बिघडतं?"

त्यांची दोन्ही मुलं मोठ्या कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेली. त्यांचे पदवीदानाच्या टोप्या-झग्यातले फोटो जिन्याच्या भिंतीवर एकाखाली एक लावलेले होते, मी रोज त्यांच्याखालून कचरा घेऊन जायची. एक वर्षाने काय बिघडतं, असं त्या माणसाने त्या भिंतीला पाठ लावून मला विचारलं.  पहिला बांगडा उचलला आणि तव्यात सोडला.

तो चर्र आवाज झाला आणि काकूंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. वास नाकाला येतो, पण त्यांनी कान झाकले. "अहो, लिहून द्या तिला!" त्या ओरडल्या. "भाडेकरू आहेत म्हणून लिहून द्या!"

"अगं, दंड होईल," काका म्हणाले. "लायसन्सचं सगळं बाहेर येईल."

"येऊ दे. होऊ दे दंड. घर माझ्याही नावावर आहे, मी देते लिहून." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "आणि महिन्याभरात जागा सोडा. भाडेकरू म्हणून काढता तरी येईल. नातेवाईक म्हणून मी तुम्हाला एक दिवस ठेवणार नाही."

मी गॅस बंद केला नाही. सगळे बांगडे तळले, तवा घासला, ओटा पुसला, आणि ताट घेऊन खाली आले. जेवण उत्तम झालं होतं. मुलीने दोन खाल्ले.

काकू दिलेल्या शब्दाला जागल्या, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गाडी घेऊन बँकेत गेल्या, नोटरीसमोर सही केली, आणि पत्र जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून दार लावून घेतलं. इंग्रजीत दोन ओळी होत्या. हे कुटुंब आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतं. त्यांचं आणि आमचं कोणतंही नातं नाही. दुसरी ओळ शाळेने मागितलेली नव्हती. ती त्यांनी आपल्या मनाने घातली होती.

नवऱ्याने ते पत्र वाचलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. "काकांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," एवढंच म्हणाला. त्याच्या नोकरीला काही झालं नाही, ग्रीन कार्डलाही नाही. इन्स्पेक्टर परत यायच्या आत आम्ही त्याच गावात एका कॉम्प्लेक्समध्ये जागा घेतली. तिथल्या ऑफिसच्या भिंतीवर गावाचं लायसन्स चौकटीत लावलेलं होतं. मॅनेजर बाईने मला आपलं माणूस वगैरे काही म्हटलं नाही. तिने लीजचं बाड पुढे केलं आणि मी प्रत्येक पान वाचून सही केली. नवरा अजूनही मंडळात काकांना वाकून नमस्कार करतो. मी दुसऱ्या रांगेत जाऊन बसते.

पत्र मिळालं त्याच दिवशी दुपारी मी मुलीला घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले होते. तिला नवा फ्रॉक घातला होता. बाईंनी पत्र वाचलं, मान डोलावली, शिक्का मारला. "शी इज ऑल सेट," म्हणाल्या. मला वाटलं आपण इथेच रडणार. मग त्यांनी एक शेवटची गोष्ट विचारली, तुम्ही फोनवर सापडला नाहीत तर मुलीला न्यायला कोण येईल? जवळ कुणी नातेवाईक?

मुलीला तोवर एवढं इंग्रजी कळत होतं. मी काही बोलायच्या आत ती टाचा उंचावून म्हणाली, "माय आजी! शी लिव्हज अपस्टेअर्स."

बाईंनी पेन उचललं. "ग्रँडमदर? नाव काय लिहू?"

"नो," मी म्हणाले. "शी इज द लँडलेडी. आमचं इथे कुणी नाही."

बाईंनी ती जागा कोरी सोडली. आम्ही बाहेर पार्किंगमध्ये आलो. मुलीने माझा हात ओढला.

"आई, आजी आपली आजी नाहीये?"

"नाही."

तिने वळून शाळेच्या दाराकडे पाहिलं. मग काळजीच्या आवाजात म्हणाली, "तिला माहितीये का?"

"हो," मी म्हणाले. "तिनंच लिहून दिलंय."